नाव नसलेला ड्रम
औद्योगिक कचरा-प्रक्रिया केंद्राच्या अग्निसुरक्षेचा आराखडा : देवरीच्या वेशीवरून एक विचार

नागपूरहून रायपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३, म्हणजे आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी असलेला ‘सहा नंबरचा रस्ता’, भंडारा आणि साकोली मागे टाकून गोंदिया जिल्ह्यातील देवरीला येतो आणि तेथून थोड्याच अंतरावर छत्तीसगडच्या हद्दीत शिरतो. महाराष्ट्राच्या पूर्व टोकावरील या तालुक्याच्या गावाने रस्त्यावरून जाणारा सगळा व्यापार पाहिला आहे. धान, तांदूळ, तेंदूपत्ता, सिमेंट, लोखंड, किराणा, खते, रंग, यंत्रांचे तेल आणि आता बॅटऱ्याही. या पट्ट्यातील आपली व्यापारी कुटुंबे मालाची पारख पिढ्यान्‌पिढ्या करीत आली आहेत. तांदळाची मूठ हातात घेताच त्याची जात सांगणारी माणसे आपल्या घराघरांत होती आणि आहेत.

विकण्याच्या मालाविषयी आपण जितके जाणतो, तितके टाकून द्यायच्या मालाविषयी जाणतो का? गिरणीच्या मागे साठलेले जळके तेल, रंगाच्या दुकानातील मुदत संपलेले थिनर, फुटलेल्या पोत्यांतील कीटकनाशके, कारखान्यातून आलेले ‘रिकामे’ ड्रम, फुगलेल्या बॅटऱ्या हे सारे कोठे जाते, कोणाच्या हाती पडते आणि तेथे ते पेटले तर काय होते, हा प्रश्न आपल्या जमाखर्चात क्वचितच येतो. प्रस्तुत लेखात त्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. उद्या देवरीच्या परिसरात औद्योगिक कचऱ्याचे संकलन किंवा प्रक्रिया करणारे केंद्र उभारायचे ठरले, तर त्याच्या अग्निसुरक्षेचा आराखडा कसा असावा, आणि त्या आराखड्याची सुरुवात कोणाच्या गोदामातून होते, हे पाहू.

कारखाना आणि कचरा-केंद्र यांतील फरक

महाराष्ट्रात घातक औद्योगिक कचऱ्यासाठी तळोजा, महापे, रांजणगाव आणि नागपूरजवळील बुटीबोरी येथे सामाईक केंद्रे आहेत. अशा केंद्रात कचरा प्रथम तपासला जातो. नंतर त्याच्या स्वभावानुसार त्याचे मार्ग ठरतात. काही कचरा चुना, सिमेंट यांसारख्या पदार्थांत मिसळून स्थिर केला जातो आणि अस्तर घातलेल्या सुरक्षित खड्ड्यात पुरला जातो. काही कचरा भट्टीत सुमारे ११०० अंश सेल्सिअस तापमानाला जाळला जातो. काही सिमेंटच्या भट्ट्यांकडे इंधन म्हणून पाठविला जातो, तर वापरलेले तेल आणि काही विद्रावके पुनर्वापरासाठी परवानाधारक उद्योगांकडे जातात.

बाहेरून पाहणाऱ्याला हे केंद्र इतर कारखान्यांसारखेच वाटते. अग्निसुरक्षेच्या दृष्टीने मात्र दोहोंत मूलभूत फरक आहे. साबणाच्या कारखान्याला आपला कच्चा माल ठाऊक असतो. तोच माल रोज त्याच प्रमाणात येतो. कचरा-केंद्राचा कच्चा माल म्हणजे शंभर ठिकाणच्या लोकांनी नको म्हणून टाकलेला अवशेष. तो रोज निराळा असतो आणि त्याची ओळख दुसऱ्याने लिहून दिलेल्या कागदावर अवलंबून असते. तो कागद खोटा किंवा अपुरा असेल, तर उत्तमातील उत्तम पंप आणि नळ असूनही केंद्र आंधळेच राहते.

दोन आगींची साक्ष

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात एपेक्स नावाचे गाव आहे. ५ ऑक्टोबर २००६ च्या रात्री तेथील घातक कचरा हाताळणाऱ्या एका केंद्राला आग लागली. कामाची वेळ संपली होती आणि केंद्रात कोणीही नव्हते. निरनिराळ्या प्रकारच्या कचऱ्याचे कप्पे शेजारी शेजारी होते, परंतु त्यांच्यामध्ये आग अडविणाऱ्या भिंती नव्हत्या. जमिनीलगत सांडलेला द्रव अडेल एवढेच बुटके कठडे होते. आगीची सूचना देणारी यंत्रणा नव्हती, आपोआप विझविणारी व्यवस्थाही नव्हती. अग्निशमन दल आले, पण आत नेमके काय साठविले आहे याची पुरेशी माहिती त्यांच्या हाती नव्हती. ज्वाळा आणि विषारी धूर पाहून हजारो रहिवाशांना रातोरात घरे सोडावी लागली. तपास यंत्रणेने पुढे दाखवून दिले की, आग त्या कप्प्यात सुरू झाली जेथे इतर पदार्थांच्या ज्वलनाला प्राणवायू पुरविणारी ऑक्सिडायझर वर्गातील रसायने ठेवली होती. त्यांत विमानांतील वापरात न आलेले प्राणवायू-निर्माण करणारे संचही होते.

दुसरी साक्ष जर्मनीतील. २७ जुलै २०२१ रोजी लेव्हरकुसेन शहराच्या ब्यूरिग भागातील कचरा-भट्टीच्या टाक्यांच्या आवारात मोठा स्फोट झाला आणि सात माणसे मृत्युमुखी पडली. एका टाकीत साठविलेला द्रव रासायनिक कचरा बाहेरून ठिणगी न पडताच स्वतःच्या आत तापत गेला. ज्या तापमानाला तो ठेवण्यात आला होता, त्या तापमानाला तो स्थिर राहणारा नव्हता. दाब वाढला, टाकी फुटली आणि शेजारच्या टाक्या पेटल्या. जर्मनीसारख्या देशात यंत्रे, नियम आणि प्रशिक्षित कर्मचारी यांची उणीव नव्हती. उणीव होती ती त्या विशिष्ट द्रवाच्या स्वभावाविषयीच्या ज्ञानाची.

दोन्ही घटनांचा निष्कर्ष एकच निघतो. कचऱ्याची आग ही पाण्याच्या अभावी जितकी भडकते, त्याहून अधिक माहितीच्या अभावी भडकते.

आराखडा दारापासून

म्हणून उत्तम आराखड्याची पहिली ओळ पंपाची नसते, ती प्रवेशद्वाराची असते. वाहन आत येताच कागद आणि माल यांची पडताळणी व्हावी. प्रत्येक मालाचा नमुना घेऊन तो आम्ल आहे की अल्कली, किती तापमानाला पेट घेणारी वाफ सोडतो, पाण्याशी किंवा हवेशी त्याची प्रतिक्रिया होते का, हे छोट्या प्रयोगशाळेत तपासावे. दोन द्रव एका टाकीत एकत्र करायचे असतील, तर आधी काचेच्या भांड्यात थोड्या प्रमाणात मिसळून तापमान वाढते का, वायू सुटतो का, हे पाहावे. ज्याची ओळख पटली नाही, त्याला मुख्य गोदामात प्रवेश नाही. त्यासाठी इतर सर्व इमारतींपासून दूर, सावलीतील स्वतंत्र जागा असावी.

दुसरी पायरी विलगीकरणाची. ऑक्सिडायझर आणि तेलकट पदार्थ, आम्ल आणि सायनाइडयुक्त गाळ, आम्ल आणि ब्लीचिंग पावडर यांची गाठ पडता कामा नये. पहिल्या जोडीतून भडका उडतो, दुसरीतून प्राणघातक वायू सुटतो आणि तिसरीतून क्लोरीन. कप्प्यांमधील भिंती पक्क्या, आग सोसणाऱ्या आणि छपराच्याही वर गेलेल्या असाव्यात. प्रत्येक कप्प्याचे सांडपाणी वेगळ्या नालीत जावे, कारण पेटलेला द्रव सामाईक नालीतून एका कप्प्यातून दुसऱ्यात चालत जातो.

तिसरी पायरी उष्णतेवर नजर ठेवण्याची. काही कचरा ठिणगीवाचून पेटतो. जवसाच्या तेलाच्या रंगाने माखलेली चिंधी गोळा करून टाकली, तर तेल हवेतील प्राणवायू शोषून तापत जाते आणि उष्णता बाहेर पडायला वाट नसल्याने चिंधी धुमसू लागते. आपल्या भाताच्या पट्ट्याला जवळचे उदाहरण म्हणजे कोंड्याचे तेल शुद्ध करताना रंग काढण्यासाठी वापरलेली माती. तिच्या बारीक कणांवर तेलाचा पातळ थर पसरलेला असतो. तिचा ढीग उघड्यावर मोठा करून ठेवला, तर तो आतून तापतो आणि पेटू शकतो. कोंड्यातून तेल काढण्यासाठी वापरले जाणारे हेक्झेन तर शून्य अंशाखालीही पेट घेणारी वाफ सोडते. मे महिन्यात या भागात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. त्या वेळी पत्र्याच्या शेडखाली काय स्थिती असेल, याची कल्पना प्रत्येक गोदामधारकाला आहे. म्हणून ढीग लहान ठेवणे, त्यांत अंतर राखणे, आत तापमापक खुपसून रोज नोंद करणे आणि रात्रीही ती नोंद पाहणारा जागा माणूस ठेवणे हे खर्चिक वाटले तरी आवश्यक आहे.

ढीग एकदा आतून पेटला की तो विझविणे किती कठीण असते, हे मुंबईने जानेवारी २०१६ मध्ये देवनारच्या कचराभूमीवर अनुभवले. धुरामुळे शहरातील शाळा बंद ठेवाव्या लागल्या. केरळमधील कोची शहराजवळ ब्रह्मपुरम येथील प्लॅस्टिकच्या कचऱ्याची आग २ मार्च २०२३ रोजी लागली आणि ती पूर्णपणे विझायला सुमारे बारा दिवस लागले. हा नागरी कचरा होता. औद्योगिक कचऱ्यात विषारीपणाची भर पडते.

चौथी पायरी विझविण्याच्या साधनांची. सर्व आगींना एकच औषध नसते. तेल व विद्रावकांवर फेस लागतो. मद्यार्कासारख्या पाण्यात मिसळणाऱ्या द्रवांवर साधा फेस टिकत नाही, त्यासाठी वेगळा फेस लागतो. सोडियम, ॲल्युमिनियमची भुकटी किंवा कॅल्शियम कार्बाइड यांवर पाणी मारले तर आग शमण्याऐवजी भडकते. तेथे कोरडी वाळू किंवा विशिष्ट पावडर हवी. लिथियम बॅटरीची आग विझल्यासारखी वाटून पुन्हा पेटते, म्हणून तिला दीर्घकाळ पाण्याने थंड करावे लागते. कोणत्या कप्प्यात काय आहे हे ठाऊक नसेल, तर हातात नळी असूनही ती उघडावी की नाही, हे ठरविता येत नाही.

देवरीचा हिशेब

व्यापाऱ्याला हिशेबाने बोललेले पटते, म्हणून थोडा हिशेब मांडू. आग विझविण्याच्या एका नळीतून मिनिटाला साधारण ४५० लिटर पाणी जाते असे धरू. दोन नळ्या म्हणजे मिनिटाला ९०० लिटर. पाच हजार लिटरचा एक टँकर त्यांना साडेपाच मिनिटांत संपतो. दोन तास झुंज द्यायची तर एक लाख लिटरहून अधिक पाणी लागेल. मोठ्या महानगरात शेजारच्या केंद्रांतून एकामागून एक गाड्या येतात. देवरीसारख्या ठिकाणी भंडारा, गोंदिया किंवा त्याहून दूरच्या मदतीची वाट पाहावी लागणार. तेव्हा पहिला तास स्वतःच्या बळावर काढता येईल एवढे पाणी, फेस आणि माणसे केंद्राच्या आवारातच हवीत. पंप दोन असावेत, एक विजेवर आणि दुसरा डिझेलवर, कारण आगीत पहिली जाते ती वीज.

या हिशेबाचा दुसरा रकाना बहुतेक आराखड्यांत कोरा राहतो. हे एक लाख लिटर पाणी शेवटी कोठे जाणार? १ नोव्हेंबर १९८६ रोजी स्वित्झर्लंडमधील बाझल शहराजवळ सँडोझ कंपनीच्या रसायनांच्या गोदामाला आग लागली. ती विझविण्यासाठी मारलेले पाणी कीटकनाशके बरोबर घेऊन ऱ्हाइन नदीत गेले. नदी लालसर झाली आणि शेकडो किलोमीटरपर्यंत मासे मेले. आग विझली होती, हानी तेथून सुरू झाली.

भंडारा-गोंदियाची भूमी तलावांची आहे. पूर्वजांनी बांधलेले मालगुजारी तलाव, शेताशेतांतील बोड्या आणि वाघ नदीचे पाणी यांवर येथील धान पिकते, मासेमारी चालते आणि गुरे जगतात. वाघ नदी पुढे वैनगंगेला मिळते. येथे एका रात्रीचे विषारी पाणी नाल्यात सुटले, तर त्याचा शोध कोणत्या बांधापाशी घ्यावा? म्हणून केंद्राच्या आराखड्यात आगीवर मारलेले सर्व पाणी अडवून धरणारे, अस्तर घातलेले, एरवी रिकामे ठेवलेले कुंड असलेच पाहिजे. पावसाळ्यात ते पावसाच्या पाण्याने भरून जाऊ नये, याचीही तजवीज हवी. नालीच्या मुखाशी एक झडप आणि ती बंद करणारा नेमलेला माणूस, एवढ्या साध्या व्यवस्थेवर एका तालुक्याचे पाणी वाचू शकते.

आराखड्याचा शेवटचा भाग माणसांचा. केंद्राला परस्परविरुद्ध दिशांना दोन दारे असावीत, कारण वारा कोणत्या दाराकडे धूर नेईल हे आधी सांगता येत नाही. वाऱ्याची दिशा दाखविणारी कापडी नळी उंचावर लावावी. त्या दिवशीच्या साठ्याची यादी आणि नकाशा दाराबाहेरील पेटीत रोज ठेवावा, म्हणजे रात्री आलेल्या अग्निशमन जवानाला एपेक्सप्रमाणे अंधारात उभे राहावे लागणार नाही. आजूबाजूच्या गावांच्या ग्रामपंचायती, शाळा आणि आरोग्य केंद्र यांना सराव-कवायतीत सामील करून घ्यावे. केंद्रात काय आहे हे शेजाऱ्याला सांगायला जो मालक कचरतो, त्याचा आराखडा अपुरा आहे असे समजावे.

आपल्या गोदामातील पहिली कडी

आता पुन्हा आपल्या दुकानाकडे वळू. वर वर्णिलेली सगळी साखळी ज्या कडीपासून सुरू होते, ती कडी आपल्या हातात आहे. ‘घातक व इतर कचरा (व्यवस्थापन व सीमापार वाहतूक) नियम, २०१६’ प्रमाणे असा कचरा निर्माण करणाऱ्याने तो सामान्यतः नव्वद दिवसांपेक्षा अधिक साठवू नये, प्रत्येक भांड्यावर ठरलेल्या नमुन्यातील चिठ्ठी लावावी आणि माल पाठविताना त्याबरोबर नोंदपत्र द्यावे. या नोंदपत्राच्या सात प्रतींची योजना आहे, म्हणजे पाठविणारा, वाहतूकदार, स्वीकारणारा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ या सर्वांकडे एकच नोंद राहावी. आपल्या हुंडी-चिठ्ठीच्या परंपरेत वाढलेल्या माणसाला हे तत्त्व नवे नाही. माल आणि कागद यांचा मेळ बसलाच पाहिजे.

प्रत्यक्षात काय घडते? चार प्रकारचे उरलेले द्रव एकाच ड्रममध्ये ओतले जातात, कारण जागा वाचते. ड्रमवर ‘जुने तेल’ एवढेच लिहिले जाते, कधी तेही नाही. भंगारवाला भाव देतो आणि माल उचलतो. ‘रिकामा’ ड्रम दुसऱ्याच्या हाती जातो आणि तो गॅस कटरने कापायला बसतो. येथे एक गोष्ट सर्वांनी ध्यानात ठेवावी. विद्रावकाने काठोकाठ भरलेल्या ड्रमपेक्षा रिकामा झालेला ड्रम कापताना अधिक धोकादायक असतो. आत द्रव नसला तरी वाफ आणि हवा यांचे स्फोटक मिश्रण असते. घातक रसायनांची दूषित भांडी नियमांनुसार घातक कचऱ्यातच मोडतात, हे अनेकांना ठाऊक नसते. चार पैशांसाठी विकलेला तो ड्रम एखाद्या मजुराचे डोळे किंवा प्राण घेऊ शकतो.

‘माल गेला, जबाबदारी गेली’ ही समजूतही खरी नाही. २०१६ च्या नियमांत कचरा निर्माण करणारा आणि केंद्रचालक या दोघांवर पर्यावरणाच्या व तिऱ्हाइताच्या हानीची जबाबदारी ठेवलेली आहे. दिल्लीत डिसेंबर १९८५ मध्ये झालेल्या ओलियम वायुगळतीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने धोकादायक उद्योग करणाऱ्याची भरपाईची जबाबदारी निरपवाद असल्याचे तत्त्व मांडले. आपण पुरेशी काळजी घेतली होती, असा बचाव तेथे चालत नाही. विम्याचा करारही विश्वासावर उभा असतो. गोदामात काय ठेवले आहे हे लपविले, तर दाव्याच्या वेळी तीच लपवाछपवी आपल्यापुढे येऊन उभी राहते.

‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६’ अन्वये आपल्या इमारतीतील अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलै महिन्यांत, द्यावयाचे असते. दिवाळीला वह्यांची पूजा जशी आपण चुकवीत नाही, तशीच ही दोन तारखांची नोंद रोजमेळात असावी. आणि त्या दिवशी प्रमाणपत्रावर सही घेऊन थांबू नये. घरातील कर्त्या मंडळींनी आणि तरुण मुलामुलींनी स्वतः गोदामात फेरी मारावी. प्रत्येक ड्रमपाशी थांबून विचारावे : यात काय आहे, कधीपासून आहे, याच्या शेजारी काय ठेवले आहे? उत्तर मिळाले नाही, तर तो ड्रम त्याच दिवशी बाजूला काढावा.

ठेवण्यातील आणि टाकण्यातील सावधानता

आपल्या परंपरेत साधूंच्या आचारासाठी पाच समित्या सांगितल्या आहेत. चालणे, बोलणे आणि आहार घेणे यांनंतर चौथी समिती वस्तू उचलण्याची व ठेवण्याची आणि पाचवी वस्तू टाकून देण्याची. जीवांना पीडा होणार नाही अशी जागा पाहून, तपासून मगच टाकावे, असे त्या पाचव्या समितीचे सांगणे. टाकून देण्याच्या कृतीलाही स्वतंत्र व्रताची योग्यता देणाऱ्या परंपरेत आपण वाढलो आहोत. गृहस्थाला साधूचे सर्व नियम पाळता येत नाहीत. परंतु उचलताना, ठेवताना आणि टाकताना पाहण्याची सवय दुकानात आणायला कोणतीच अडचण नाही. अग्निसुरक्षेचे तज्ज्ञ ज्याला तपासणी, विलगीकरण आणि सुरक्षित विल्हेवाट म्हणतात, त्याचा गाभा हाच आहे.

देवरीत असे केंद्र उद्या उभे राहील किंवा आपला कचरा महामार्गाने बुटीबोरीला जात राहील. दोन्ही स्थितींत त्या केंद्रात रात्रपाळी करणारा कामगार, महामार्गावरील ट्रकचालक, आग विझवायला धावणारा जवान आणि तलावाकाठचा शेतकरी आपण लावलेल्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून वावरत असतात. त्यांपैकी कोणालाही आपण कधी भेटणार नाही. म्हणून ती चिठ्ठी खरी, पूर्ण आणि वाचता येईल अशी लिहिणे हे आपले काम. या महिन्यात एक दिवस काढून आपल्या गोदामातील नाव नसलेल्या प्रत्येक ड्रमला त्याचे खरे नाव द्यावे, एवढीच या लेखाची विनंती आहे.